लाल फडकं बांधलेली बंदूक

हमद टाउन, बहरीन
शुक्रवार, दुपारची जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप मुकुंदराव यांच्या चरणी धाकट्या साडूचा, म्हणजे दत्तप्रसादचा, कागदावरचा साष्टांग नमस्कार. (जमिनीवरचा आता जमत नाही. खाली जाणं सोपं आहे, पण उठवायला दोन माणसं लागतात आणि त्यांतलं एक स्मिता असेल तर ती आधी फोटो काढते.)

आपला गुडघा नवा बसवल्यापासून आपण काठीशिवाय चालता आणि जिन्यावर ताईंच्याही पुढे असता, असं कळलं. फार आनंद झाला. ताईंची साखर कशी आहे? त्या फोनवर विचारलं की "आहे" एवढंच म्हणतात, त्यावरून काही अंदाज लागत नाही. चिरंजीवांच्या दुकानाचं नवीन शटर बसलं का? आम्ही उभयता इथे ठीक आहोत. 'ठीक' हा शब्द मी सवयीने लिहीत नाहीये. डिसेंबरमध्ये तो लिहिता आला नसता. म्हणून तर हे पत्र.

आता एवढा फोन हातात असताना पत्र का, असं आपल्याला वाटेल. त्याचं कारण आपला कुटुंबाचा ग्रुप. तिथे मी नुसतं 'पोलीस' असं लिहिलं असतं तर मिरजेपासून मेलबर्नपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी एकाच वेळी फोन केले असते आणि मग तीच गोष्ट प्रत्येकाला सांगताना ती दर वेळी थोडी वाढली असती. आमच्या ओळखीच्या पूर्णिमाबाई येत्या आठवड्यात सांगलीला माहेरी जाताहेत. त्यांच्या हाती हे पाकीट देतोय. वाचून झाल्यावर फाडायची गरज नाही, पण ताईंच्या हाताला लगेच लागू देऊ नये.

माझा बंदुकांचा नाद आपल्याला ठाऊक आहेच. (आपण एकदा त्याला 'लोखंडी भंगार' म्हणाला होतात. मी ते मनात ठेवलेलं नाही.) बहरीनमध्ये आल्यावर पहिल्या वर्षीच हा नाद लागला, आणि तो लावणारा माणूस म्हणजे वसईचा डॉमनिक. हॉटेलात आयुष्य घालवलेला, आता निवृत्त, अरादला किल्ल्याच्या मागच्या गल्लीत राहतो. त्याची बायको मॅगी, नर्स होती. दर शुक्रवारी डॉमनिक आणि मी बाब अल बहरीन या जुन्या बाजाराच्या वेशीमागच्या बोळांत हिंडायचो. तिथे जमालुद्दीन नावाच्या म्हाताऱ्याचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. कंदील, अत्तरदाण्या, बोटीवरचे दिवे, आणि मागच्या अंगाला, मागितलं तरच दाखवायच्या, जुन्या ठासणीच्या आणि जळत्या वातीने उडवायच्या तोड्याच्या बंदुका. कुणाचा दस्ता फुटलेला, कुणाचा घोडा गायब. आम्ही त्या घ्यायच्या, नळीत शिसं ओतून ती कायमची बुजवून घ्यायची, रीतसर कागद करून घ्यायचे आणि मग भिंतीवर लावून समोर चहा पीत बसायचं. आयुष्यात मी कुणावर साधा दगडही नीट मारलेला नाही, पण बंदुकीखाली बसलं की पाठ आपोआप सरळ होते. डॉमनिकचंही तेच.

आमच्या संग्रहाची राणी म्हणजे 'मस्कतवाली'. पाच फूट लांब, तोड्याची, नळीवर चांदीचे पट्टे, दस्त्यावर नक्षी. ती आम्ही दोघांनी मिळून घेतली होती आणि आमचा करार असा होता की गणपती ते नाताळ ती माझ्याकडे आणि नाताळ ते गणपती डॉमनिककडे. सासर-माहेर म्हणा हवं तर. तिच्या नळीत शिसं ओतायला मात्र दोघांचाही हात धजला नाही. इतकी जुनी चीज, तिचा घसा कसा बुजवायचा?

असं सगळं सुरळीत चाललं असताना म्हातारपण आलं. डॉमनिक आणि मॅगीने ईस्टरनंतर वसईला कायमचं परतायचं ठरवलं. आमचाही हा तीन बेडरूमचा व्हिला सोडून लहान फ्लॅटमध्ये जायचा आणि पुढेमागे मिरजेचा विचार आहेच. मग प्रश्न आला तो बंदुकांचा. भारतात त्या नेता येणार नाहीत. आमच्या मयुरेशला टोरांटोला विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, नोबडी वाँट्स देम." मराठी कळतं त्याला, पण वाईट बातमी तो इंग्रजीतच देतो.

तेव्हा डॉमनिकच्या घरी एक बैठक झाली. मी, डॉमनिक आणि ताहिर. ताहिर हा अरादचाच, बहरीनी, शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक. त्याच्याकडे आजोबांपासूनच्या बंदुका आहेत, त्यामुळे तो आमच्याकडे जरा दत्तक घेतलेल्या मुलांसारखा बघतो. विषय एकच होता, यापुढे घेत राहायचं की कमी करायचं. डॉमनिक म्हणाला, कमी करायचं. मी म्हणालो, कमी करायचंच, पण जमालुद्दीनकडे एक आखूड नळीची आलीय ती घेऊन मग कमी करू. ताहिर म्हणाला की त्याच्या वडिलांनीही शेवटची म्हणून सात घेतल्या होत्या. शेवटी ठरलं की आम्ही दोघांनी दर महिन्याला एकेक बंदूक घराबाहेर काढायची, योग्य माणसाच्या हाती द्यायची.

योग्य माणूस शोधणं किती अवघड असतं याची आपल्याला कल्पना नाही, मुकुंदराव. कुणाला कदर नाही, कुणाला जागा नाही, कुणाच्या घरी लहान मुलं. सगळीकडे विचार करून झाल्यावर मला मनापासून वाटलं की माझ्या बंदुकीची खरी कदर करणारा माणूस एकच, डॉमनिक. म्हणून पहिली त्याला दिली. त्यालाही प्रामाणिकपणे तसंच वाटलं, म्हणून त्याने त्याची मला दिली. असं चार महिने चाललं. आमच्या दोघांच्याही मनाला मोठं समाधान होतं, की संग्रह कमी होतोय. मग एक दिवस स्मिता मॅगीला फोनवर म्हणाली की आमच्याकडची पितळी मुठीची गेली बाई एकदाची, आणि मॅगी म्हणाली की ती माझ्या सोफ्यामागे आहे. त्यानंतर त्या दोघी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण संध्याकाळी जेवायला नुसती खिचडी होती.

तर नाताळ आला. कराराप्रमाणे मस्कतवाली डॉमनिककडे जायची वेळ झाली, आणि ही तिची शेवटची फेरी हे दोघांनाही माहीत होतं. डॉमनिक स्वतः न्यायला आला. हवा सुंदर होती. नेहमी आम्ही ताहिरच्या मोठ्या गाडीतून तिला न्यायचो, पण त्या दिवशी ती गाडी गॅरेजला होती, म्हणून माझ्या लहान गाडीत घातली. ती मावेना. मागच्या सीटवर आडवी ठेवली तर टोक खिडकीतून हातभर बाहेर. वर चादर गुंडाळली. आता आपण जाणताच की मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कामांवर इंजिनियर होतो. गाडीबाहेर काही डोकावत असेल तर त्याला लाल फडकं बांधावं, हा नियम मी शेकडो ड्रायव्हरांना घोकायला लावलेला. मी स्मिताचा लाल ब्लाउजपीस घेतला आणि नळीच्या टोकाला नीट गाठ मारून बांधला. सुरक्षा म्हणजे सुरक्षा.

हमद टाउन हे गाव राउंडअबाउटांचं आहे. एक संपलं की दुसरं. प्रत्येक वळणावर मस्कतवाली सीटवरून घसरायला लागली, म्हणून डॉमनिक मागे जाऊन बसला आणि त्याने दस्ता खांद्याला टेकवून घट्ट धरला. दुसऱ्या राउंडअबाउटला वाऱ्याने चादर उडाली. आम्हाला पत्ता नाही. मी समोर बघत होतो, डॉमनिकने चष्मा काढून खिशात ठेवलेला आणि एक डोळा मिटलेला, कारण वारं लागत होतं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला जे दिसलं ते असं, की एक पांढऱ्या केसांचा माणूस लाल निशाण लावलेली बंदूक खिडकीतून रोखून, नेम धरून हमद टाउनमधून फेऱ्या मारतोय. (फेऱ्या, कारण तिसऱ्या राउंडअबाउटला माझा रस्ता चुकला आणि मी दोनदा वळलो.)

मागे पोलिसांची गाडी आली तेव्हा मी तिला वाट दिली. ती पुढे जाईना. मग कळलं.

इथून पुढचं हसून लिहिता येत नाही. पोलीस सभ्य होते, आवाजही चढवला नाही, पण दोघांनाही ठाण्यावर नेलं. बाकीच्या सगळ्या बंदुकांचे कागद माझ्या फाइलीत होते. मस्कतवालीचा कागद मागितला तेव्हा मी डॉमनिककडे बघितलं आणि डॉमनिकने माझ्याकडे. इतकी वर्षं मला वाटत होतं त्याने केलाय, त्याला वाटत होतं मी केलाय. सासरच्यांना वाटतं माहेरी झालं असेल, तसं. बिनकागदाची, न बुजवलेली बंदूक, भर रस्त्यात. अधिकाऱ्याने आमची रेसिडेंट कार्डं घेतली आणि समोर चहा ठेवला. मी तो तसाच निवू दिला. मनात एकच, की ज्या देशाने मला नोकरी दिली, मुलाला शाळा दिली, तिथून आता म्हातारपणी हात धरून बाहेर काढणार, आणि व्हिसावर शिक्का बसणार तो असा.  डॉमनिक हळूच म्हणाला, "दत्ता, मॅगीला वसईचं घर रंगवून हवं होतं. मी म्हटलं होतं, जाऊन रंगवू." 

अधिकाऱ्याने फोन करू दिला. मी ताहिरला केला आणि ताहिरने स्मिता नि मॅगीला आणलं. तिघं आत आली तेव्हा स्मिताने माझ्याकडे न बघता आधी तो ब्लाउजपीस ओळखला.

मग बंदुका तपासणारा माणूस आला. शहजाद त्याचं नाव, उर्दू बोलणारा, शांत. त्याने मस्कतवालीला टेबलावर घेतलं, दस्ता सैल केला, नळी काढून उजेडात धरली. बराच वेळ आत बघितलं. मग नळीचं मागचं टोक अधिकाऱ्याला दाखवून म्हणाला की ही बंदूक नाही. हा पाण्याचा पाइप आहे, याला आतून आटे आहेत, पट्टे पत्र्याचे आहेत, अशा वस्तू पर्यटकांना विकायला बनवतात आणि ही वयाने आपल्या सर्वांहून लहानच असेल.

अधिकाऱ्याचा चेहरा लगेच मोकळा झाला. त्याने आमची कार्डं हातात घेतली, परत देण्यासाठी. आणि मुकुंदराव, त्या क्षणी मी जे केलं त्याचं मला आजही नवल वाटतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो की माफ करा, पण आपली चूक होतेय. ही अस्सल आहे. आटे नंतर दुरुस्तीच्या वेळी पाडले असतील, जुन्या कारागिरांची तशी पद्धत होती. शहजाद म्हणाला की तशी पद्धत नव्हती. तेव्हा डॉमनिकही उठला आणि म्हणाला की दस्त्यावरची नक्षी बघा, असं काम आता होत नाही, आणि ही सहज गोळी झाडू शकेल. अधिकाऱ्याने कार्डं पुन्हा टेबलावर ठेवली. त्याने विचारलं, म्हणजे ही खरी बंदूक आहे असं तुमचं म्हणणं आहे? मी म्हणालो, शंभर टक्के. ताहिरने दोन्ही हातांनी डोकं धरलं. खोलीत एक पाइप होता आणि तो पाइप आहे हे न कळणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो, ज्याने उभं आयुष्य पाइप पास करण्यात घालवलं.

तेव्हा स्मिता पुढे आली. तिने खुर्ची ओढून घेतली, अधिकाऱ्यासमोर बसली आणि तिच्या हिंदीत, अगदी सावकाश म्हणाली, "साहेब, ती खोटी आहे. मी ती पुसते. चांदी चिंचेने उजळते, ही चिंच लावली की सोलते. म्हणून मी तिला बुटाचं पॉलिश लावते. यांना सांगितलं नाही, कारण हे तिच्यासमोर बसले की खूश असतात."

मॅगी म्हणाली, "मी पण पॉलिशच लावते."

 शहजाद खिडकीबाहेर बघायला लागला. अधिकाऱ्याने मला विचारलं की अजून काही सांगायचंय का. स्मिताने टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी म्हणालो, काही नाही. डॉमनिक अरबीत म्हणाला, मफी, म्हणजे तेच. अधिकाऱ्याने खलास म्हणून कार्डं परत केली, रस्त्यावर असं पुन्हा करू नका म्हणून बजावलं, आणि ती शोभेची वस्तू असल्याचा एक कागदही दिला. ताहिरने तो गाडीत वाचून दाखवला. 'सजावटीची, जुनी दिसणारी, निरुपद्रवी.' स्मिता म्हणाली की कागद एकच दिलाय, पण तिघांना लागू आहे.

परतताना मी रडलो हे आपल्यापासून काय लपवायचं. अपमानाने नव्हे, सुटल्याच्या आनंदाने. घरी आल्यावर स्मिताने आमटी-भात केला आणि मी तो दोनदा घेतला. दुसऱ्या दिवशी डॉमनिक आणि मी जमालुद्दीनकडे गेलो, भांडायला. त्याने ऐकून घेतलं आणि आठवण करून दिली की ती मस्कतची आहे, दीडदोनशे वर्षं जुनी आहे, पट्टे चांदीचे आहेत, हे सगळं आम्हीच त्याला सांगितलं होतं. तो फक्त "अच्छा?" एवढंच म्हणाला होता. त्याचं खरं होतं. त्याने चहा पाजला. आखूड नळीची अजून होती. आम्ही तिच्याकडे बघितलं नाही. (डॉमनिकने थोडं बघितलं.)

मग निर्णय घ्यायला अर्धा तासही लागला नाही. दोन्ही घरांतल्या सगळ्या खऱ्या बंदुका, रीतसर कागद बदलून, ताहिरच्या मजलिसीत, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गेल्या. त्याच्या घरात त्या शोभतात, त्याच्या नातवंडांना त्यांची नावं पाठ होताहेत. त्या जाताना मला वाटलं होतं जीव तुटेल. पण शेवटची बाहेर पडली आणि मी दार लावलं तेव्हा असं वाटलं की अंगावरचा ओला स्वेटर कुणीतरी काढून घेतला. आता दाराची बेल वाजली की छातीत धडधडत नाही. दमट हवेत दस्त्यांना बुरशी येईल म्हणून उठावं लागत नाही. मयुरेशला वारसा म्हणून काय द्यायचं हा प्रश्न मिटला, त्यालाही आणि मलाही.

एकच भीती होती, ती मी स्मितालाही बोललो नव्हतो. बंदुका नसतील तर डॉमनिक शुक्रवारी येईल का? इतकी वर्षं आम्ही दुसऱ्या कशाबद्दल बोललोच नव्हतो. तो शुक्रवार आला. मी उगाच दोनदा गेटपर्यंत जाऊन आलो. तो आला, नेहमीच्या खुर्चीत बसला, मोकळ्या भिंतीकडे खूप वेळ बघत राहिला. भिंतीवर खिळ्यांची भोकं आणि बंदुकांच्या आकाराचे फिके पट्टे. मला वाटलं आता हा उठून जाणार. तो म्हणाला, "दत्ता, तुझा रंग फार वाईट आहे." मग आम्ही रंग आणला. भोकांत लांबी भरली, घासलं, दोन हात मारले. दोन म्हातारे शिडीवर आणि खाली दोन बायका सूचना देत. डॉमनिक म्हणाला की वसईच्या घरासाठी हात बसतोय. ती भिंत आता इतकी स्वच्छ झालीय की बाकीच्या तीन लाजतात, आणि ईस्टरपर्यंतच्या प्रत्येक शुक्रवारचं काम नक्की झालंय.

तेव्हा मुकुंदराव, आपला साडू मोकळा झाला, सुटला आणि शहाणाही झाला. संग्रह संपला, नाद सुटला. इतकं हलकं मला लग्नाआधीही वाटलं नव्हतं. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा, जिन्यात शर्यती लावू नका.

आपला, निरुपद्रवी असल्याचं सिद्ध झालेला,
दत्तप्रसाद

ता. क. १ : आपल्या दिवाणखान्यात दारासमोरची जी भिंत आहे, जिथे बँकेचं कॅलेंडर असतं, तिची रुंदी साधारण किती असेल? सहज विचारतोय. ताहिरने सगळं ठेवून घेतलं, पण मस्कतवाली तेवढी परत पाठवली. खोटी वस्तू आजोबांच्या रांगेत लावता येत नाही म्हणाला, आणि ते त्याच्या जागी बरोबर आहे. सध्या ती मागच्या बाल्कनीत पडद्याची दांडी म्हणून आहे, दस्ता कपाटावर. स्मिताला कल्पना नाही. मे महिन्यात येताना सुटे भाग करून आणीन म्हणतो. पाइप म्हणून, जे ती आहेच. कागद सोबत असेल. आपल्या घरात ती फार भारदस्त दिसेल.

ता. क. २ : भावोजींना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. बाल्कनीतला पडदा मीच धुते आणि मीच लावते, तेव्हा दांडी मला पहिल्याच दिवशी दिसली. भिंत मोजा आणि कितीही भरली तरी चार फूट आहे असं कळवा. यांची मस्कतवाली पाच फूट आहे. ताईला यातलं सांगू नका, ती हसत सुटते आणि मग यांना वाईट वाटतं. – स्मिता

ता. क. ३ : स्मिता मॅगीशी फोनवर आहे तेवढ्यात पाकीट पुन्हा उघडलं. चार फूट पुरेत. कॅलेंडर काढून तीन फूट उंचीची मोकळी जागा करा आणि ती तिरकी लावा. कर्ण बरोबर पाच येतो. खिळे मी घेऊन येतो.